प्रोलॅक्टिन वाढलं म्हणून पिशवी काढायची नसते

मालवणात माझं रक्ततपासणीचं छोटं सेंटर आहे. सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय, आणि रोज कोणी ना कोणी तो माझ्यासमोर धरतं. मेसेजचं म्हणणं असं: प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक) वाढलं म्हणजे गर्भाशयात गाठ, पिशवी काढली की रिपोर्ट नॉर्मल, बाकी थायरॉइड-एमआरआय वगैरे सगळे पैसे काढायचे धंदे. दोन महिन्यांपूर्वी आचऱ्याच्या बाजूच्या एक बाई पहिल्या एसटीने आल्या आणि टेबलावर मोबाईल ठेवून म्हणाल्या, "ताई, ह्या खरा काय? माझी पिशवी काढूक लागतली?" त्यांचं प्रोलॅक्टिन ४६ आलं होतं. गरोदर नसलेल्या बाईत ते साधारण २५ च्या आत असतं. सोनोग्राफीत गर्भाशयात दोन सेंटीमीटरची फायब्रॉइडची, म्हणजे स्नायूची साधी, कर्करोग नसलेली गाठ होती. मेसेज जणू त्यांच्यासाठीच लिहिला होता.

आधी त्यातलं खरं तेवढं सांगते. प्रोलॅक्टिन मुख्यतः मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत तयार होतं, पण गर्भाशयही ते बनवू शकतं. गरोदरपणात गर्भाशयाचं अस्तर ते बनवतं आणि गर्भजलात ते भरपूर असतं. क्वचित एखादी फायब्रॉइडची गाठही इतकं प्रोलॅक्टिन सोडते की रक्तातला आकडा चढतो, आणि गाठ काढल्यावर उतरतो. अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकात आहेत, पण जगभरात मिळून मोजक्याच.

आणि फायब्रॉइड? पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक बायकांच्या गर्भाशयात एखादी तरी असते. म्हणजे वाढलेलं प्रोलॅक्टिन आणि गाठ एकाच बाईत सापडणं यात नवल काहीच नाही. शेजारी शेजारी दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही.

तपासण्या हे धंदे आहेत, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त सलतो. आमच्याकडची बरीच माणसं एमआरआयसाठी कोल्हापूर नाहीतर गोवा गाठतात, एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं जातं, म्हणून हे वाक्य चटकन पटतं. पण एमआरआय पहिल्या दिवशी लागतच नाही. आधी लागतं ते दुसऱ्यांदा रक्त देणं. झोपेत प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं, धावपळीने आणि सुईच्या भीतीनेही वाढतं. उठून दोन-तीन तास झालेले असावेत, बाई थोडा वेळ शांत बसलेली असावी, मग सुई. त्याचबरोबर गरोदरपणाची तपासणी, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि किडनी. थायरॉइड मंदावलं की प्रोलॅक्टिन वाढू शकतं आणि मग थायरॉइडच्या गोळीनेच खाली येतं. त्यासाठी कोणाची पिशवी काढणार?

आणि गोळ्यांची पाकिटं. हे मी हात जोडून सांगते: घरातली सगळी औषधं डॉक्टरांपुढे ओता. ॲसिडिटीच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलसोबत डोमपेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड असतं, आणि ही दोन्ही प्रोलॅक्टिन चांगलंच वाढवतात. मानसिक आजाराची काही औषधंही वाढवतात. ती मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

एवढं करूनही आकडा चढाच राहिला, तर पिट्यूटरीचा एमआरआय. तिथे गाठ दिसली तरी ती बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, आणि बहुतेकींना प्रोलॅक्टिन उतरवणाऱ्या कॅबरगोलिनच्या गोळ्या पुरतात, ऑपरेशन नाही.

गर्भाशयाकडे संशयाने बघायचं ते यानंतर. एमआरआय साफ, थायरॉइड ठीक, औषधं नाहीत, आणि कॅबरगोलिन घेऊनही आकडा हलत नाही. पिट्यूटरीतलं प्रोलॅक्टिन मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या लगामात असतं, गर्भाशयातलं नसतं. कॅबरगोलिन डोपामिनसारखंच काम करते, म्हणून ही गोळी तिथे चालत नाही. तेव्हासुद्धा पुष्कळदा फक्त गाठ काढून गर्भाशय राखता येतं.

त्या बाईंना मी चहा पाजला, अर्धा तास बसवलं, मग त्यांनी पर्समधून दुमडलेली स्ट्रिप काढली. लेवोसल्पिराइडची, चार महिन्यांपासून चालू. त्यांच्या डॉक्टरांनी ती बदलून दिली. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं तेव्हा आकडा १८ आला. दोन सेंटीमीटरची गाठ जिथे होती तिथेच आहे, आणि डॉक्टरांनी सहा महिन्यांनी सोनोग्राफीला बोलावलंय.