नोंद झाली म्हणून गोळी सोडायची?

सेलूच्या मावशीने 12 दिवस शुगरची गोळी घेतली नव्हती. तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा मला कळलं. उपाशीपोटी शुगर 268. मावशीला विचारलं तर म्हणाली, "विश्वकोशात आलंय लेकरा ते पुस्तक. खोटं कामून असंल?"

आहारावरच्या त्या पुस्तकाचं नाव मी घेणार नाही, त्याची जाहिरात मला करायची नाही. पण त्याच्या भक्तांचा संदेश आमच्या प्रत्येक नातेवाइकांच्या ग्रुपवर येऊन पडलाय. त्यात म्हटलंय की विकिपीडियात नोंद झाली म्हणजे शास्त्राने मान्यता दिली, पुस्तकाला सरकारी क्रमांक आहे, लाखो प्रती खपल्या, 21 दिवसांत गोळ्या सुटतात, आणि आता औषध कंपन्या ती नोंद काढायला निघाल्यात, म्हणून सगळ्यांनी जाऊन 'ठेवा' लिहा.

गोळ्यांचं आधी. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला एक अभ्यास आला. वजन उतरवायला अगदी कमी उष्मांकाचा आहार दिलेल्यांपैकी 46 टक्के लोकांचा टाइप 2 मधुमेह वर्षभरानंतर गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. त्यांच्या गोळ्या सुरुवातीलाच थांबवल्या होत्या, हेही खरं. पण ते सगळे दवाखान्याच्या देखरेखीखाली होते, मधुमेह होऊन 6 वर्षांच्या आतले होते, आणि इन्सुलिन घेणारा एकही माणूस त्यात घेतला नव्हता. मावशीला मधुमेह होऊन 17 वर्षं झालीत. तो संदेश इन्सुलिनवाल्यांनाही तेच सांगतो. टाइप 1 मधुमेहात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही; अशा लेकराचं इन्सुलिन कुणी असं थांबवलं तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. हा संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी एवढा तरी विचार करायला हवा होता.

आता नोंदीचं. मावशीच्या पिढीला विश्वकोश म्हटलं की वाईचा मराठी विश्वकोश आठवतो, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचा, जाणकारांकडून लिहून घेतलेला, तपासून छापलेला. त्या शब्दावरचा तिचा विश्वास बरोबरच आहे. विकिपीडियाही विश्वकोशच म्हणवतो, पण त्याचं काम वेगळं चालतं. तिथे पान कुणीही उघडू शकतं, मीही कितीतरी उघडलीत. पुस्तकाचं पान टिकवायचं तर मुख्य कसोटी एकच: लेखक आणि प्रकाशकाशी संबंध नसलेल्या किमान दोन ठिकाणी त्या पुस्तकावर सविस्तर लिहून आलंय का? परीक्षण चालतं, टीकाही चालते. लेखकाची स्वतःची मुलाखत, प्रकाशकाचं पत्रक, पुरवणीतली पैसे देऊन छापलेली स्तुती चालत नाही. पुस्तकातलं म्हणणं बरोबर की चूक, हे या कसोटीत विचारलंच जात नाही. लंडनमध्ये अंत्यविधीची कामं करणाऱ्या विल्यम बॅन्टिंगने 1863 मध्ये स्वतःचं वजन कसं उतरवलं ते सांगणारी पुस्तिका काढली. स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला आजही त्याच्या नावावरून 'बान्टा' म्हणतात. त्याची नोंद आहे, कारण दीडशे वर्षांहून जास्त काळ लोक त्याच्यावर लिहीत आलेत. म्हणून त्याचा आहार कुणी प्रमाणित केला, असं होत नाही.

सरकारी क्रमांक म्हणजे आयएसबीएन, पुस्तक ओळखण्यापुरता दिलेला नंबर. दिल्लीची राजा राममोहन राय संस्था तो देते, फुकट देते, आत काय लिहिलंय ते तपासत नाही. कवितासंग्रहालाही मिळतो, गाइडलाही मिळतो. खपाचं तर बोलायलाच नको. आकडा प्रकाशकाचा, आणि खप ही कसोटीच नाही.

राहिल्या औषध कंपन्या. नोंद ठेवायची की काढायची याची चर्चा उघड्यावर चालते. कोणत्या सदस्यनावाने कधी काय लिहिलं, ते कुणालाही वाचता येतं. मी ती सगळी वाचली. हरकत एकच आहे, स्वतंत्र संदर्भ नाहीत. उत्तरात समर्थकांनी तीन दुवे दिलेत: लेखकाचं संकेतस्थळ, विक्रीचं पान आणि लेखकाचीच मुलाखत. तिथे निर्णय डोकी मोजून होत नाही, त्यामुळे पन्नास जणांनी 'ठेवा' लिहिलं तरी हे तीन दुवे तीनच राहतात.

त्या चर्चेत मी 'काढा' लिहिलंय, सहीसकट. उद्या कुणी दोन स्वतंत्र परीक्षणं आणून दाखवली तर तिथेच जाऊन मत बदलीन. पान मग मीच नीट लिहीन, आणि 21 दिवसांच्या दाव्यावर डॉक्टरांनी काय म्हटलंय ते पहिल्याच परिच्छेदात घालीन.