माघार म्हटलं की आपल्या पोटात गोळा का येतो?

सप्टेंबर उजाडला की व्हॉट्सअॅपवर अब्दुल हमीद येतात. जीपवरची तोफ, समोरून धडधडत येणारे पॅटन रणगाडे आणि खाली त्यांनी किती उडवले त्याचा आकडा. हा आकडा ग्रुपगणिक वाढतो, तो भाग सोडा. हमीद यांच्या शौर्याबद्दल कुणी शंका घेऊ नये, परमवीर चक्र उगाच मिळत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हमीद ज्या शेतात तोफ लपवून बसले होते, तिथं आपलं सैन्य माघार घेऊन आलं होतं, हे या पोस्टींमध्ये कधीच नसतं. आणि ते वगळलं की आसल उत्तरची लढाई कळतच नाही.

लढाई १९६५ ची, जागा पंजाबातल्या खेमकरणजवळची. १ सप्टेंबरला पाकिस्तानने जम्मूकडच्या छांबमध्ये रणगाडे घुसवले आणि अखनूरच्या पुलाचा घास घ्यायला निघाला. तो दाब कमी करायला ६ सप्टेंबरला आपण पंजाबात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली, रोख लाहोरकडे. त्या आघाडीच्या दक्षिण टोकाला मेजर जनरल गुरबक्षसिंग यांची ४ माउंटन डिव्हिजन होती. तिनं कसूरच्या बाजूला, पाकिस्तानातल्या इच्छोगिल कालव्याकडे मुसंडी मारायची होती. मारली, आणि फसली. पहिल्या चोवीस तासांत डिव्हिजनची दैना झाली, काही पलटणी विस्कळीत झाल्या. आमच्या व्हॉट्सअॅप इतिहासात या ओळीला जागा नाही.

याच डिव्हिजनला तीन वर्षांपूर्वी नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, चिन्यांनी तुडवलं होतं. नोव्हेंबर १९६२ मध्ये सेला आणि बोमडिला सोडून जी पळापळ झाली, ती याच ४ डिव्हिजनची. म्हणजे १९६५ च्या ७ सप्टेंबरला गुरबक्षसिंगांसमोर दृश्य काय होतं, तर हल्ला फसलेला, जवान थकलेले, आणि समोर कसूरहून पाकिस्तानची अख्खी १ली चिलखती, म्हणजे रणगाड्यांची, डिव्हिजन निघालेली. तिचा बेत सरळ होता. खेमकरण घ्यायचं, उत्तरेला उसळायचं, ग्रँड ट्रंक रोडवरचा ब्यास नदीचा पूल गाठायचा. तो पडला असता तर अमृतसर आणि लाहोरसमोर उभं असलेलं आपलं बहुतेक सैन्य मागून कापलं गेलं असतं.

आजच्या एखाद्या टीव्ही अँकरला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, एक इंचही मागे हटायचं नाही. गुरबक्षसिंग काही किलोमीटर हटले. खेमकरण सोडून दिलं आणि खेमकरण–भिखीविंड रस्त्यावरच्या आसल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची फळी धरली. तोंड शत्रूकडे उघडं. जवानांनी रात्रभर खंदक खणले. कालवे फोडून शेतांत पाणी सोडलं. १९६२ मध्ये मागे हटताना कुठं थांबायचं हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. इथं थांबायची जागा आधी ठरली, मग पावलं मागे पडली. माझ्या मते अख्खी लढाई या एका फरकावर उभी आहे. अफझलखानाला मोकळ्या मैदानातून जावळीच्या जंगलात आणलं त्याचे पोवाडे आपण गातो, तेव्हा मात्र ‘राजे मागे का हटले’ असं कुणी विचारत नाही.

आता जरा आसल उत्तरभोवतीच्या उसात शिरू. सप्टेंबरचा ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेलेला असतो. रणगाड्यात बसलेल्याला आधीच कमी दिसतं, उसात तर काहीच दिसत नाही. बघायचं तर कमांडरला झाकण उघडून डोकं बाहेर काढावं लागतं, आणि डोकं बाहेर आलं की साध्या रायफलचंही काम भागतं. उलट बाहेर दबा धरून बसलेल्याला उसाचे शेंडे हलताना दिसतात. त्यात जमीन पाण्यानं भिजलेली. चाळीस-पंचेचाळीस टनांचा पॅटन चिखलात रुतला की त्याचं चिलखत, त्याची ९० मिलिमीटरची तोफ, सगळं शोभेचं. हे त्या काळचे आधुनिक अमेरिकी रणगाडे होते. आपल्या बाजूला ब्रिगेडियर थियोगराज यांच्या २ स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचा आधार होता. ३ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे सेंच्युरियन सोडले तर बाकी काय, तर डेक्कन हॉर्सचे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन आणि ८ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स. कागदावर तुलना केली असती तर आपण हरलोच होतो.

आणि हमीद यांची तोफ. १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस गन, जीपवर बसवलेली. ही तोफ धक्का देत नाही कारण सगळा वायू मागच्या बाजूनं बाहेर फेकला जातो. म्हणजे गोळा पुढे आणि मागे आगीचा लोळ नि धुळीचा मोठा ढग. एक गोळा टाकला की तुमचा पत्ता सगळ्यांना कळला. मग एकच उपाय, जीप चालू करायची आणि दुसऱ्या जागी जायचं. जीपला चिलखत नसतं, पत्राही जेमतेम. गोळा टाका, हटा, पुन्हा टाका, पुन्हा हटा. ४ ग्रेनेडियर्सचे हे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार चीमा गावाजवळ हेच करत राहिले आणि १० सप्टेंबरला एका रणगाड्यानं त्यांना हेरलं. म्हणजे बघा, ज्यांच्या नावानं ‘मागे हटायचं नाही’च्या पोस्टी फिरतात, त्यांचं अख्खं शस्त्र जागा बदलण्यावर चालत होतं.

८ ते १० सप्टेंबर पाकिस्तानी रणगाडे पुन्हा पुन्हा आले. थेट जमेना म्हणून बाजूनं वळसा घालून पाहिलं, तिथंही शर्मन आणि सेंच्युरियन उसाआड दबा धरून होते. अगदी जवळ येईपर्यंत गोळी नाही, हा शिरस्ता. डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, आपल्या अलिबागचे. त्यांना या लढाईसाठी महावीर चक्र मिळालं, १९७१ मध्ये दुसऱ्यांदा मिळालं, पुढे ते लष्करप्रमुख झाले आणि १९८६ मध्ये पुण्यात त्यांची हत्या झाली. हत्या आपल्याला आठवते, आसल उत्तर आठवत नाही. (महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांनी यावर दोन ओळी खर्चल्या तर बिघडणार नाही.)

११ तारखेच्या सकाळी पाकिस्तानच्या ४ कॅव्हलरीचे कमांडिंग ऑफिसर आपल्या अधिकाऱ्यांसह उसातून बाहेर आले आणि शरण गेले. भारतीय नोंदीनुसार या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. ते ओढून भिखीविंडला रांगेत उभे केले, लोकांनी त्या जागेला ‘पॅटननगर’ नाव दिलं.

आता कुणीतरी म्हणणारच, माघार एवढी चांगली तर ब्यासपर्यंतच का नाही गेलो? प्रश्न रास्त आहे, कारण तसा विचार खरंच झाला होता. पश्चिम कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरबक्षसिंग यांच्या सांगण्यानुसार लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी त्यांना ब्यासच्या मागे यायला सुचवलं आणि त्यांनी साफ नकार दिला. बरोबरच केलं. खेमकरणहून आसल उत्तरला येणं म्हणजे लढायला बरी जमीन निवडणं. ब्यासच्या मागे जाणं म्हणजे अमृतसर आणि गुरदासपूर न लढता देऊन टाकणं, आणि जम्मूची वाटही धोक्यात. दोन्हीला ‘माघार’च म्हणतात, पण एकीत सेनापतीचं डोकं चालतंय आणि दुसरीत त्याची झोप उडालीय.

शेवटची गोष्ट, आणि ही बऱ्याच जणांना आवडणार नाही. एवढं जिंकूनही खेमकरण आपल्याला परत घेता आलं नाही. लगेच दुसऱ्या दिवशी प्रयत्न झाला. लाहोरजवळच्या बुर्कीच्या लढाईतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ४ शीख पलटणीला रात्रीतून शत्रूच्या मागे पाठवलं आणि तिचे कमांडिंग ऑफिसर अनेक जवानांसह पकडले गेले. जो ऊस, जे कालवे आणि जी घाई पाकिस्तानला नडली, तीच चढाईवर जाताना आपल्याला नडली. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली तेव्हा खेमकरण पाकिस्तानच्याच ताब्यात होतं. ते परत आलं ते १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानं, दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्टच्या जागी परतायचं ठरलं म्हणून. ताश्कंदला काश्मीरमधली जिंकलेली हाजी पीर खिंड सोडली म्हणून शास्त्रीजींच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी त्याच वहीत जमेच्या बाजूला खेमकरण लिहून ठेवावं, मग हिशेब मांडावा.