बापूला मिळालेला उणे एक

सांगलीतल्या मारुती रोडच्या एका बोळात मावशीची चहाची गाडी असते आणि तिच्या बाजूला एका कायमच्या बंद दुकानाची दगडी पायरी. तोच आमचा कट्टा. परवा संध्याकाळी बापू आला तो तणतणतच. नवीन झेरॉक्स मशीन घ्यायचं म्हणून पहिल्यांदाच बँकेत गेला होता. बापूचं वय अठ्ठावन्न, वह्या-झेरॉक्सचं दुकान तीस वर्षांचं, डोक्यावर आयुष्यात एक रुपयाचं कर्ज नाही. बँकेतल्या पोरानं कॉम्प्युटरवर सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणारा पतीचा आकडा, काढलं आणि सांगितलं, काका, तुमचा स्कोअर उणे एक आहे.

“उणे एक! शाळेत नापास झालो तेव्हासुद्धा शून्याच्या खाली गेलो नव्हतो.”

तात्या हसले. सहकारी बँकेतून निवृत्त झालेत, पण बोलतात अजून काउंटरच्या आतूनच. “अरे, उणे एक म्हणजे वाईट नव्हे. तुझी काही नोंदच नाही, एवढाच अर्थ. कर्ज घेतलंच नाहीस, तर फेडतोस की बुडवतोस हे त्यांना कळणार कसं?”

“म्हणजे कोरोनात झालं तेच परत.”

झालं, विषय निघाला. आमच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की दुसरा चहा ठरलेला.

बापूचं दुखणं मला तोंडपाठ आहे. मार्च २०२० मध्ये शाळा-कॉलेजं बंद झाली. जूनचा हंगाम गेला, पुढच्या जूनचंही तेच. वह्या गठ्ठ्यात पिवळ्या पडल्या. शटर खाली असलं तरी विजेच्या बिलातला स्थिर आकार यायचा राहिला नाही. मे महिन्यात टीव्हीवर वीस लाख कोटींचं पॅकेज आलं, त्यात लघुउद्योगांना तीन लाख कोटींचं विनातारण कर्ज. बापू मास्क लावून बँकेत गेला. तिथं कळलं की हे कर्ज २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमची जेवढी बाकी असेल, तिच्या वीस टक्क्यांपर्यंत मिळतं.

“माझी बाकी शून्य. शून्याचे वीस टक्के किती, ते या तात्यांनीच सांगावं. आणि तारीख तरी कुठली धरली? चार वर्षांतून एकदा येणारी!”

“आमच्यावर काय ओरडतोस? योजना वाईट नव्हती. शंभर टक्के हमी सरकारची होती. व्याजाला बँकेसाठी सव्वानऊ टक्क्यांची मर्यादा होती आणि पहिलं वर्ष मुद्दल भरायचं नव्हतं. ती नसती तर कितीतरी कारखान्यांची खाती एनपीए, म्हणजे थकीत, झाली असती. पुढं योजनेची मर्यादा पाच लाख कोटींवर नेली, ती काय उगाच? घाई होती लेका. ज्याचे कागद आधीच आमच्याकडं आहेत त्याला चार दिवसांत पैसे देता येतात. तुझी फाइल नव्यानं उघडायची, दुकान बघायचं, जामीन बघायचा. माणसं कामावर येत नव्हती त्या दिवसांत!”

हे खरंय. माझं उदाहरण समोरच होतं. माझा लग्नपत्रिकांचा छापखाना. तेव्हा मशीनच्या कर्जाचे चार लाख बाकी होते, म्हणून मला बँकेचा मेसेज आपणहून आला. तुम्ही ऐंशी हजारांना पात्र आहात. मी अर्जसुद्धा केला नव्हता. कर्जात होतो म्हणून मी लायक ठरलो आणि रोखीनं धंदा करणारा बापू नालायक. त्या दिवशी मला जरा शरमच वाटली, पण पैसे घेतले. कागदवाल्याची उधारी त्यातून भागवली. लग्नाला पन्नासच माणसं, पुढं एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तासांत लग्न उरकायचं. पंचवीस माणसांसाठी पत्रिका कोण छापतो? व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण जायचं आणि त्याखाली यायला जमणार नाही असं समजून घ्यावं, ही विनंती.

“आणि तू हप्ते पण थांबवलेस की,” बापू म्हणाला. “सहा महिने मजा.”

मजा! मार्च ते मे आणि मग ऑगस्टपर्यंत, रिझर्व्ह बँकेनं हप्ता न भरण्याची मुभा दिली होती. माफी नव्हती, पण त्या वेळी आम्हा सगळ्यांना ती माफीच वाटली. मी नंतर वहीत मांडून बघितलं. चार लाख, बारा टक्के, पाच वर्षं बाकी, हप्ता आठ हजार नऊशेच्या आसपास. सहा महिने न भरल्यानं व्याज मुद्दलात चढत गेलं आणि बाकी झाली चार लाख साडेचोवीस हजारांवर. त्याच हप्त्यानं ती फेडायची म्हणजे साठाऐवजी पासष्ट हप्ते आणि वर थोडी चिल्लर. सहा महिने श्वास घेतला, त्याची किंमत जादा पाच हप्ते.

“पण व्याजावरचं व्याज परत मिळालं ना तुला?” तात्यांनी बँकेची बाजू सोडली नाही. “सुप्रीम कोर्टात गेलं होतं प्रकरण.”

मिळालं. दोन कोटींच्या आतल्या कर्जांना चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक सरकारनं दिला. माझ्या खात्यात सहाशे रुपये आणि वर काही जमा झाले, दिवाळीच्या तोंडावर. चकलीची भाजणी आणली.

मावशी इतका वेळ गाळणी आपटत ऐकत होती. “तुमचं लाखाचं चाललंय. मला दहा हजार दिलं त्यांनी.”

तिचं स्वनिधीचं कर्ज. जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी निघालेलं. दहा हजार, वर्षाचे बारा हप्ते, वेळेवर भरलं तर सात टक्के व्याज सरकार परत करणार, क्यूआर कोडवर पैसे घेतले तर महिन्याला शंभरापर्यंत कॅशबॅक. मावशीकडं फेरीवाल्याचा दाखला नव्हता. सर्व्हे झाला त्या दिवशी ती मिरजेला लेकीच्या बाळंतपणात. मग पालिकेचं शिफारसपत्र काढावं लागलं, ते बापूनंच भरून दिलं, झेरॉक्स फुकट. दहातले पाच हजार आले तसे दूधवाल्याच्या जुन्या बाकीला गेले. उरलेल्यात सिलिंडर, कप आणि साखर. तरी तिनं ते फेडलं, मग वीस हजारांचं घेतलं, तेही फेडलं. म्हणजे आज बँकेच्या लेखी मावशीची पत बापूपेक्षा जास्त आहे.

“तात्या, ह्याला मदत म्हणायची का?” बापू पेटला. “सगळं कर्जच! माझा भाचा न्यू जर्सीत आहे. त्याच्या सायबाला तिकडं सरकारनं कर्ज दिलं, पगारावर खर्च केलं म्हणून माफ. विषय संपला.”

“आणि पहिल्या खेपेचे पैसे तेरा दिवसांत संपले, ते नाही सांगितलं भाच्यानं? तिथंही ज्याची बँकेत ओळख आणि पगारपत्रक तयार, तो पुढं. तुझ्या दुकानातल्या पोराचं पगारपत्रक होतं का?”

बापू गप्प. पोराला तो गल्ल्यातून पैसे काढून द्यायचा. दुकान बंद असतानाही अर्धा पगार दिला, पण कुठं लिहून ठेवलं नाही.

“फुकट मिळालंच नाही असं नाही,” मी म्हटलं. २०२१ च्या पाडव्याच्या रात्री मुख्यमंत्र्यांनी निर्बंध जाहीर केले, तेव्हा नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षाचालकांना दीड-दीड हजार जाहीर झाले होते. कोपऱ्यावरचा रिक्षावाला तेवढ्यात खांद्यावरून वाकून म्हणाला, परवाना मालकाच्या नावावर, रिक्षा मी चालवतो. पैसे कुणाला गेले असतील? चहा घेऊन तो निघूनही गेला.

मग तात्यांनी जे काढलं त्यावर आम्ही सगळेच थांबलो. ते म्हणाले, “बापू, २०१९ च्या महापुरात तुला मदत मिळाली होती ना?”

मिळाली होती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ह्या बोळात होडी फिरत होती. छोट्या दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त पन्नास हजार, असं सरकारनं ठरवलं. माणसं आली, भिंतीवरची चिखलाची रेघ बघितली, लगदा झालेल्या वह्यांचा फोटो काढला, पंचनामा झाला. कर्ज नव्हे, मदत. आणि उणे एकवाल्या बापूलाही मिळाली.

“कोरोनात तुझ्या दुकानात काय भिजलं?”

काहीच नाही. सगळा माल कोरडा, जागच्या जागी. गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. न आलेल्या गिऱ्हाइकाचा फोटो कसा काढणार? जीएसटी भरणाऱ्याची घट निदान रिटर्नमध्ये दिसली असती, बापूची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेच्या खालीच. भिंतीवर रेघ नाही म्हटल्यावर सरकारनं जी हाताशी आली ती रेघ धरली. कर्जखात्यातली बाकी. मला वाटतं बापूचा खरा राग इथं आहे. तीस वर्षांचं दुकान, गिऱ्हाइकं, पोराला दिलेला अर्धा पगार, ह्यातलं काहीच मोजपट्टीवर आलं नाही.

तात्यांना हे पूर्ण पटलं नाही. त्यांचं म्हणणं, नोंद ठेवायला कुणी अडवलं होतं? छोट्या धंद्यांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी फुकट आहे, खात्यातून व्यवहार करायचे, पगार चेकनं द्यायचा. बापूचं म्हणणं, एवढं करायचं तर दुकान कधी बघू? मी मधेच सोनंतारणाचं सांगायला गेलो. ऑगस्ट २०२० मध्ये सोन्याच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला परवानगी झाली होती आणि खरं तर आमच्या गल्लीतली निम्मी दुकानं बायकांच्या पाटल्यांवर तगली. पण ह्या विषयावर घरी आधीच बरंच ऐकून झालंय, म्हणून आवरतं घेतलं.

आठ वाजले. मावशीनं गाडीखालची वही काढली.

“बापू, कर्ज न्हाई म्हणताय व्हय? हे बघा. तीनशे चाळीस.”

तात्यांनी चष्मा चढवून आकडा तपासला. “वीस टक्के म्हणजे अडुसष्ट रुपये. पात्र आहेस.”

बापूनं खिशातून चाळीस काढून तिच्या हातावर ठेवले. “तीनशे राहू देत मावशी. पुढच्या साथीला उपयोगी पडतील.”