नोटीस आली म्हणजे घर गेलं, हे कोणी सांगितलं तुम्हाला?

गेल्या रविवारी आत्याकडे गेलो तर फळीवरचे पितळी डबे खाली उतरवून जुन्या साडीत बांधून ठेवलेले. विचारलं तर म्हणे, "अरे आता वाडा सोडायलाच लागणार, मोबाईलवर आलंय ना." पुण्यात पेठेतला वाडा, आत्या पन्नास वर्षांपासून भाडेकरू, भाडं महिना ३०० रुपये. तीन आठवड्यांपूर्वी मालकाच्या वकिलाची नोटीस आली, १४ महिन्यांचं भाडं थकलंय म्हणून, आणि त्याच आठवड्यात नात्यातल्याच कोणीतरी तो मेसेज तिला फॉरवर्ड केला. "नवीन भाडेकरू कायदा लागू, दोन महिने भाडं थकलं की घर खाली, नोटीस आल्यावर पैसे भरून उपयोग नाही, कोर्टात भरले तर चूक कबूल केली असं धरतात, मालक कुलूप लावू शकतो, लाइट-पाणी तोडू शकतो." हा मेसेज मला आतापर्यंत चार ग्रुपवर दिसलाय आणि लोक खाली हात जोडून धन्यवाद लिहितायत.

नवीन कायद्याचं आधी उरकतो. २ जून २०२१ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला तो आदर्श भाडेकरू कायदा, म्हणजे राज्यांसाठी नमुना. राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो कोणालाही लागू होत नाही. आणि ते "दोन महिने" जिथून उचललेत त्याच नमुन्यात पुढे लिहिलंय की नोटिशीनंतर महिन्याभरात थकबाकी भरली तर घर खाली करायचा हुकूम होत नाही. तेवढं वाक्य बरोबर गाळलंय.

आता मुख्य मुद्दा, ज्याने माझं डोकं फिरलं, "पैसे भरून उपयोग नाही". आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यातलं कलम १५ एकदा वाचा, दीड पान आहे फक्त. भाडेकरू भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे आणि बाकीच्या अटी पाळतोय तोवर मालकाला ताबा मागता येत नाही, ही पहिलीच ओळ. थकलं असेल तर आधी लेखी नोटीस द्यायची आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस थांबायचं, त्याआधी थकबाकीवरून दावाच लावता येत नाही. आणि एवढं होऊनही दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवस आहेत. त्यात सगळी थकबाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज, असं कोर्टात भरलं, पुढे निकालापर्यंत दर महिन्याचं भाडं भरत राहिलं आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करायचा हुकूम कोर्टाने द्यायचा नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. मग कोर्टात पैसे भरणं म्हणजे चूक कबूल करणं कसं होईल? कायदाच सांगतोय की भरा.

आत्याचा हिशेब मी तिथेच वहीवर मांडला. ३०० गुणिले १४, ४२०० रुपये. उद्या दावा लागला असं धरलं तरी आजपर्यंतचं व्याज चारशेच्या आतबाहेर. एवढ्या रकमेसाठी ही बाई पन्नास वर्षांचा संसार गाठोड्यात बांधत होती! आणि थकलं तरी का? जुना मालक वारल्यावर त्याचा पुतण्या, म्हणजे आताचा मालक, भाडं घ्यायलाच येईना, तिने तीन वेळा मनीऑर्डर केली, तिन्ही परत आल्या, त्यावर "घेण्यास नकार" असा पोस्टाचा शेरा. ते तिन्ही कागद तिने जुन्या भाडेपावत्यांच्या डब्यात जपून ठेवलेत आणि तिला माहीतच नाही की "द्यायला तयार होते" याचा यापेक्षा चांगला पुरावा नसतो.

एक मान्य करावं लागेल. जुन्या १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात सहा महिने किंवा त्याहून जास्त थकलं, भाड्याच्या रकमेबद्दल वाद नसला आणि नोटिशीनंतर महिन्याभरात भरलं नाही, तर भाडेकरूला फारसा वाव राहायचा नाही, जुन्या लोकांच्या मनात ती भीती बसलीय ती उगाच नाही. आणि आजही मुदत चुकवलीत, व्याज सोडून नुसतं भाडं भरलंत किंवा दावा चालू असताना मधले महिने बुडवलेत तर हे संरक्षण जातं. शिवाय हे फक्त थकबाकीपुरतं आहे, मालकाला स्वतःला जागेची खरी गरज आहे किंवा तुम्ही पोटभाडेकरू ठेवलाय असा दावा असेल तर पैसे भरून तो मिटत नाही. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स असेल तर हे कलम विसरा, मुदत संपली की घर सोडायचं, नाहीतर कलम २४ खाली दुप्पट भरपाई.

पण कुलूप? तो हक्क कोणालाच नाही. कोर्टाच्या हुकुमाशिवाय बाहेर काढलं तर १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागता येतो. लाइट-पाणी तोडायला भाडे कायद्याचं कलम २९ मनाई करतं. झालं.

परवा वकिलाच्या सल्ल्याने ४२०० चा डिमांड ड्राफ्ट मालकाच्या आणि सोबतच्या पत्राची कॉपी त्याच्या वकिलाच्या पत्त्यावर पाठवली, पोचपावतीसकट. नोटिशीच्या पाकिटावर ती मिळाल्याची तारीख आणि नव्वदावा दिवस दोन्ही पेनाने लिहून ठेवलेत, पाकीट फेकू नका कोणी. ड्राफ्ट परत आला तर तोही त्याच डब्यात जाईल, आणि समन्स आलं तर पुढचे ९० दिवस त्या तारखेपासून मोजायचे, एवढं आत्याला दोनदा म्हणून दाखवायला लावलंय.