टोपीखालचं आधुनिकीकरण

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात : ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि ‘विकायची का?’ तिसरा प्रश्न गाडी स्वतः विचारते. तोही भर सिग्नलला, मागे पीएमपीची बस हॉर्न वाजवत असताना.

माझी फियाट ११०० डिलाइट १९६८ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवर गिअर. रंग, गाद्या, क्रोम सगळं झालेलं. त्यात किती पैसे गेले तो आकडा घरात फक्त मलाच माहीत आहे आणि मीही तो विसरायच्या प्रयत्नात आहे. उभी असली की लोक फोटो काढतात. चालू केली की बाजूला होतात, कारण ती मिसिंग मारायची, म्हणजे इंजिन मध्येच ठोके चुकवायचं.

दुखणं जुनंच, सीबी पॉइंटचं. हा अवयव ज्यांच्या आयुष्यात आलाच नाही अशा सुखी माणसांसाठी सांगतो. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणारा डबा. त्याच्या टोपीखाली धातूचे दोन चिमुकले ठिपके एकमेकांना टेकतात आणि सुटतात. सुटले की कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे टेकणं-सुटणं सेकंदाला १०० वेळा. चार्ल्स केटरिंग यांची बॅटरीवरची ही व्यवस्था १९१२च्या कॅडिलॅकमध्ये होती. माझ्या गाडीत ती मूळ तत्त्वांसकट अजून नांदते आहे. ठिपके जळतात, एकावर खड्डा पडतो, दुसऱ्यावर टेंगूळ येतं, गॅप बदलते, ठिणगी पडायची वेळ म्हणजे टायमिंग सरकतं. मग पॉलिश पेपरने घासा, गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या जरा आत आणा, स्क्रू आवळा. स्क्रू आवळताना गॅप पुन्हा हलते. तो तिचा हक्कच आहे.

आमचे मिस्त्री यासाठी फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या, वापरत नाहीत. त्यांच्या खिशात एक पोस्टकार्ड असतं, कुणीतरी कुणालातरी ‘सर्व कुशल आहे’ असं कळवलेलं. ते दुमडून पॉइंटमध्ये सरकवायचं आणि डोळे मिटून ओढून बघायचं. ‘अडकत अडकत निघालं पाहिजे, साहेब.’ निघायचं. गाडी पुढचे काही दिवस शहाण्यासारखी वागायची.

असं सुरळीत बिघडत असताना माझा भाचा सुट्टीला आला. भाचा इंजिनिअर आहे, म्हणजे त्याला दुसऱ्याचं सुरळीत चाललेलं बघवत नाही.

‘मामा, पॉइंट काढून टाक. इलेक्ट्रॉनिक किट येतं. पॉइंटच्या जागी सेन्सर, रोटरखाली मॅग्नेटची रिंग, दोन वायरी. टोपी लावली की बाहेरून काही दिसतसुद्धा नाही. वीस मिनिटांचं काम.’

किट आलं. आगपेटीएवढा काळा ठोकळा, एक रिंग आणि सूचनांचा कागद. कागदात ‘नये’ या शब्दाने संपणारी वाक्यं इतकी, की सोवळ्यातल्या आजीच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वाटलं. वायरी उलट जोडू नयेत. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नये. कमी ओहमची कॉइल वापरू नये. तांब्याच्या तारेच्या प्लग वायरी वापरू नयेत.

आमच्या वायरी अर्थातच तांब्याच्या होत्या, मिस्त्रींनी दाखवून दाखवून बसवलेल्या. भाच्याचं म्हणणं असं, की त्यातून जी विद्युत लहरींची खरखर निघते तिने ठोकळ्याचं डोकं फिरतं; कार्बनच्या पाहिजेत. त्या आणल्या. मग मल्टिमीटर लावला तर कॉइल कमी ओहमची निघाली. ती बदलली. मग रिंग बसवायला गेलो तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्टच डुगडुगत होता. ‘बुश गेलंय,’ शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीबद्दल मिस्त्री म्हणाले, ‘पण पॉइंटला चालत होतं.’ लेथवाल्याकडून पितळी बुश करून आणलं. मग भाच्याला बॅटरीचं अर्थिंग आवडेना. वीस मिनिटांच्या कामात आमचा गणेशोत्सव उरकला. जुन्या गाडीत एक पार्ट नवा घातला की शेजारचे सगळे पार्ट आपलं वय जाहीर करतात.

तेवढ्यात आमच्या जुन्या गाडीवाल्या मंडळींत बातमी फुटली. रविवारी सकाळी आम्ही गाड्या रांगेत लावतो, मिसळ खातो आणि एकमेकांच्या गाडीतलं खोटं शोधतो. त्यांत एक निवृत्त अधिकारी आहेत. ते वाकून स्क्रूच्या खाचासुद्धा तपासतात. ‘२०२१चे नियम वाचलेत का?’ त्यांनी मिसळीवरून मान वर न करता विचारलं. वाचले होते. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ती व्हिंटेज. तिला नंबरात ‘व्हीए’ मिळतं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. मी म्हटलं, आगपेटीएवढ्या ठोकळ्याला मोठा फेरफार कोण म्हणेल? ‘प्रश्न आकाराचा नाही, निष्ठेचा आहे,’ ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या डॅशबोर्डखाली मोबाइल चार्जर आहे, पण तो विषय त्यांच्या वयाकडे बघून कुणी काढत नाही.

शेवटी एकदाचं सगळं जमलं. आता टायमिंग. भाच्याने स्ट्रोब लाइट आणला. पुलीवरची खूण साठ वर्षांच्या ग्रीसखाली गडप झालेली. ती घासून काढून त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. दिवा लखलखू लागला आणि फिरत्या पुलीवर तो ठिपका एका जागी थबकलेला दिसला. हे दृश्य खरंच बघण्यासारखं असतं. भाच्याने अंश मोजून डिस्ट्रिब्युटर पक्का केला. मिस्त्री हात मागे बांधून उभे होते. भाचा हात धुवायला आत गेला तेव्हा त्यांनी नट सैल केला, कान तिरका करून डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, नट आवळला आणि पुन्हा हात मागे बांधले. गाडी जी चालू लागली म्हणता! एका स्टार्टरला सुरू, आयडलिंग संथ, मिसिंगचं नाव नाही. श्रेय कुणाचं हे मी दोघांनाही वेगवेगळं सांगून टाकलं.

मे महिन्यात सगळी मंडळी वाईला निघालो. खंबाटकीच्या चढावर, ऐन दुपारी, गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. मागची गाडी थांबली. निवृत्त अधिकारी उतरले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर रॅलीत बक्षीस घेतानाही पाहिला नव्हता.

‘गेलं तुमचं ते इलेक्ट्रॉनिक!’

पूर्वी अशा वेळी प्लगची वायर उपसून इंजिनजवळ धरायची, ठिणगी उडते का बघायचं आणि मग अधिकारवाणीने बोलायचं, अशी रीत होती. अधिकाऱ्यांनी हात घातलाच होता. ‘काका, वायर काढू नका! ठोकळा जळेल!’ भाचा ओरडला. त्या कागदावर तेही एक ‘नये’ होतं. झालं. बॉनेट उघडं, चार अनुभवी माणसं भोवती, आणि कशालाही हात लावायची सोय नाही. पॉइंट असते तर निदान घासता आले असते. बंद पडलेल्या गाडीपाशी पुरुषांना काहीतरी घासायला लागतं, हे कुठल्याच किटवाल्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ‘ऊन किती आहे, साहेब?’ मग म्हणाले, ‘पेट्रोल पंपावर ओला फडका टाका आणि चहा पिऊन या.’

व्हेपर लॉक! इंजिनाच्या अंगाला असलेला तो पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. ठिणगीचा काही संबंध नाही. हे दुखणं फियाटसोबत कुर्ल्याहूनच येतं. फडका टाकला, चहा झाला, गाडी सुरू झाली.

‘हे मात्र शंभर टक्के ओरिजिनल हं,’ अधिकारी नाइलाजाने म्हणाले.

भाचा काही बोलला नाही. तो मागच्या सीटवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. वाईच्या अलीकडे त्याने मान वर केली.

‘मामा, इलेक्ट्रिक फ्युएल पंप मिळतो. बारा व्होल्टचा. वीस मिनिटांचं काम आहे.’