शनिवारचा खोका

टाकळ्याला पैसे मोजणारा आमच्या घराण्यातला मी पहिला पुरुष. ही गोष्ट आईने अजून गावी कळू दिलेली नाही. दापोलीकडे पाऊस लागला की टाकळा गडग्याच्या कडेला, शाळेच्या मागे, एसटीच्या थांब्याजवळ, जिथे पाय ठेवावा तिथे उगवतो. पंधरा मिनिटं वाकलं की दोन वेळची भाजी. आणि तिचा शिकलासवरलेला मुलगा तोच टाकळा कोथरूडमध्ये, चौथ्या मजल्यावर, लिफ्टने, आगाऊ पैसे भरून मागवत होता.

"कितीला पडला?" आईने विचारलं.

"तसं सुटं नाही सांगता येत. तेरा आठवड्यांचे मिळून आठ हजार चारशे पन्नास."

आई काही बोलली नाही. तिने जुडी उचलली, मुळांची माती झटकली, वास घेतला आणि म्हणाली, "आठळ्या असतील तर बघ फ्रीजमध्ये." फणसाच्या आठळ्या घालून, वर ओलं खोबरं पेरून तिने ती भाजी केली. ती उत्तम झाली होती. पण जेवताना प्रत्येक घासाला मला त्या साडेआठ हजारांचा खडा लागत होता.

झालं होतं असं, की मे महिन्यात एका प्रदर्शनात मुळशीकडच्या शेतकऱ्यांच्या एका गटाने मला गाठलं. दर शनिवारी पाच किलो भाजी घरपोच. काय यायचं ते आपण ठरवायचं नाही, शेतात असेल ते येणार. "ऋतू देईल ते ताटात," असं त्या स्टॉलवरच्या बाई म्हणाल्या आणि मी विरघळलो. कारण आमच्या घरातला सर्वांत अवघड प्रश्न घराच्या हप्त्यांचा नाही की लेकीच्या बारावीचा नाही. तो रोज रात्री साडेनऊला पडतो: "उद्या भाजी काय?" याला आमच्याकडे बावीस वर्षं एकच उत्तर आहे, "काहीही कर." हे उत्तर नसून सापळा आहे हे लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको. "काहीही"मध्ये दुधी येत नाही, पडवळ येत नाही, कालची भाजी तर नाहीच नाही. तेव्हा हा प्रश्न परस्पर निसर्गावर सोपवता येतोय म्हटल्यावर मी तिथल्या तिथे पैसे भरले. घरी न विचारता. चूक झाली ती तिथे.

"तू मागवलंस ना?" बायको म्हणाली. "मग तूच करायचं."

बायको बँकेत आहे. पावतीवर सही कोणाची आहे ते ती आधी बघते.

जूनच्या शेवटच्या शनिवारी खालून वॉचमनचा फोन आला, "साहेब, तुमचं खोकं आलंय." महाराष्ट्रात २०२२ पासून हा शब्द मोठ्याने उच्चारायची सोय राहिलेली नाही. लिफ्टमध्ये तीन शेजारी होते, तिघांनी माझ्याकडे नव्या आदराने पाहिलं. मग खोक्याच्या फटीतून बाहेर आलेला पडवळ त्यांना दिसला आणि तो आदर दुसऱ्या मजल्यापर्यंतसुद्धा टिकला नाही.

पन्नाशीच्या माणसाला किती भाज्या ओळखता येतात? मी स्वतःला बरा समजत होतो. मेथी, पालक, कोथिंबीर. इथे मातीने माखलेल्या चार जुड्या आणि पावसात भिजून लगदा झालेली एक चिठ्ठी. मी एक जुडी उचलून "मेथी" म्हटलं, तोच तो टाकळा. दुसरीला "राजगिरा" म्हटलं तो माठ निघाला. तिसऱ्या जुडीपुढे मी गप्प बसलो, ती कांद्याची पात वाटत होती. "फोडशी ती," आई देवघरातून न बघता म्हणाली. तिला वास आला होता म्हणे.

पालेभाजी निवडणं हे काम आहे असं मला कोणी आजवर सांगितलं नव्हतं. ते बायका टीव्ही बघताना हाताला चाळा म्हणून करतात अशी माझी समजूत होती. उशीएवढी माठाची जुडी निवडायला पाऊण तास लागतो, धुवायला तीन पाणी लागतात आणि कढईत गेल्यावर पाच मिनिटांत तिची वाटीभर भाजी होते. चौघांत वाटीभर. दोन-तीनदा तर मी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या खाली ताट धरून निवडत बसलो. "तुमचं काय मत?" असं साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या बोटावर एक गोगलगाय चढत होती. "सावकाश जाऊ या," मी म्हणालो. मीटिंगमध्ये माझं मत पहिल्यांदाच एकमताने मान्य झालं.

दुसऱ्या आठवड्यात अळू आलं. मी इंटरनेटवर बघून अळूवड्या करायला घेतल्या. वडीचं अळू काळ्या देठाचं आणि भाजीचं हिरव्या देठाचं, हे बघायचं असतं ते मी बघितलं नाही. चिंचेचा कोळ लावायचा असतो. मला पित्ताचा त्रास, म्हणून तोही गाळला. वड्या दिसायला सुरेख झाल्या. पहिला घास घेऊन लेक म्हणाली, "बाबा, घशात कोणी लोकरीचा स्वेटर कोंबलाय का?" मग सगळेच खाकरू लागले. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात आणि म्हणून अळवाला आंबट लागतंच, ही माहिती मी रात्री अकरा वाजता, खोकत, वाचली. आईला ती न वाचता होती. "मग आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "तू विचारलंस कुठे? तू त्या फोनला विचारलंस."

पुढच्या वेळी तिनेच फदफदं केलं. हरभऱ्याची डाळ, दाणे, मुळ्याच्या चकत्या आणि चिंच-गूळ सढळ हाताने. माझ्याकडे फक्त घोटायचं काम होतं.

निसर्गाला चातुर्मास माहीत नसतो. आई आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण आणि वांगं सोडते. वांगं तर थेट चंपाषष्ठीला. नेमकी एकादशीच्याच आठवड्यात किलोभर वांगी आली, जांभळी, काटेरी, तुकतुकीत. माझी बायको लातूरची. भरल्या वांग्यासाठी ती चातुर्मासच काय, बँकेचं ऑडिटसुद्धा मोडेल. पुढच्या आठवड्यात अंबाडी आली. ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची आणि वर लसणाची चरचरीत फोडणी, तेलाकडे बघून जीव दडपेल अशी. त्या दिवशी स्वयंपाकघरात बायको स्वतःहून आली. पावतीवर सही माझी असूनही. आईने खिडकी उघडली आणि बाहेर बघत बसली. मग दुपारी, बायको झोपल्यावर, पातेल्यात बिनफोडणीची थोडी अंबाडी शिल्लक होती ती भाकरीबरोबर संपलेली मला दिसली. मी कोणालाच काही बोललो नाही.

आता दुधीचं सांगायला हवं. टाळत होतो.

दुधी पहिल्या आठवड्यात आला. दुसऱ्यात आला. तिसऱ्यात आला तो लेकीच्या हाताएवढा लांब होता. नंतर मी मोजणं सोडून दिलं. दुधी चिरायच्या आधी देठाकडची चकती कापून चाखायची ही आईची शिस्त. कडू लागला तर पूर्ण फेकून द्यायचा, कारण कडू दुधी खरोखर विषारी असतो, माणसं दगावलेली आहेत. मी दर शनिवारी चकती जिभेवर ठेवून डोळे मिटत असे आणि मनातल्या मनात म्हणत असे, कडू निघ, एकदा तरी कडू निघ. एकदाही निघाला नाही. एवढी गोड वागणूक मला माणसांकडूनही मिळालेली नाही.

मग वेषांतरं सुरू झाली. दुधी थालिपिठात गेला. दुधी कोफ्त्यात गेला. हलवा झाला तेव्हा लेकीने तो गाजराचा समजून खाल्ला, पण हिरवं गाजर नसतं हे तिच्या लक्षात येईपर्यंतच. सालींची तीळ घालून चटणी झाली. ही मात्र खरंच करून बघा, दुधीचा तेवढाच भाग मला मनापासून आवडतो. शेवटी मी तो किसून इडलीच्या पिठात घातला. लेकीने इडली मोडली, उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "यात तो आहे." नावसुद्धा घेतलं नाही.

तिसऱ्या आठवड्यातला तो लांबलचक दुधी जून निघाला. सुरी जाईना. फेकायला निघालो तर आईने काढून घेतला, दोन भाग केले, बिया काढल्या, राखेत घोळवल्या आणि कागदावर वाळत घातल्या. राख तिने कुठून आणली कोण जाणे. उदबत्तीची असावी. म्हातारपणी माणसं काहीही जपतात म्हणून मी सोडून दिलं.

कल्पकता म्हणून मी केलेल्या इतर गोष्टींचा पाढा वाचत नाही. शेपू वाटून, त्यात लसूण-अक्रोड घालून मी पास्त्याला लावला होता, एवढंच सांगतो. घरात दोन दिवस त्याचा वास होता आणि पास्ता तीन दिवस. शेपूला मुगाची डाळ लागते. त्याच्याशी फार चलाखी करू नये.

एक प्रयोग मात्र जमला. पडवळाच्या चकत्या करून, गाभा काढून, त्या बेसनात बुडवून तळल्या. मधे भोक, बाहेर कुरकुरीत. लेकीच्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यांनी "काका, ऑनियन रिंग्ज भारी!" म्हणून दोन ताटल्या फस्त केल्या. मी गप्प बसलो असतो तर आयुष्यभराचं नाव झालं असतं. पण मला राहवलं नाही. मी फ्रीजमधून उरलेला पडवळ काढून दाखवला. एक मुलगी किंचाळली. तिला तो साप वाटला.

भाजी उरायला लागली तशी मी ती वाटायला निघालो. पहिल्या खेपेला शेजाऱ्यांनी कौतुकाने घेतली. "सेंद्रिय का? वा!" दुसऱ्या खेपेला दार अर्धवट उघडलं. तिसऱ्या खेपेला आत टीव्ही चालू असूनही कोणी दार उघडेना. कामाला येणाऱ्या मावशींना मी दुधी देऊ केला तर त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "दादा, नको. मागच्या खेपेचाच हाय अजून. पोरगं बापाला सांगतंय, तिथलं काम सोडायला लाव आईला."

आणि मग गणपती आले.

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही, हाताने पिकवलेल्या भाज्यांचीच भाजी करायची. एरवी आई आठ दिवस आधीपासून मंडईत कोणती बाई खरं बोलते याची चौकशी करत फिरते. या वर्षी खोक्यात सगळंच होतं: अळू, माठ आणि माठाचे देठ, भोपळा, पडवळ, शिराळी, भेंडी, सुरण, मक्याची कणसं. दुधी अर्थातच. मी विजयी मुद्रेने सगळं ओट्यावर मांडलं.

"बैल नाही ना लावलेला?" आईने विचारलं.

मी त्या गटातल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "नाही हो, आमच्याकडे बैलच नाहीत. ट्रॅक्टर आहे."

घरात शांतता पसरली. बायकोने पेपर खाली ठेवला.

"ट्रॅक्टर चालतो का?" लेकीने विचारलं.

"नियम बैलाचा आहे," मी म्हणालो. "ट्रॅक्टर बैल नाही."

"म्हणजे मग बाजारातली ट्रॅक्टरची कुठलीही भाजी चालेल," बायको म्हणाली. "फ्लॉवरसुद्धा."

आई बराच वेळ सुरणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बैलाला विसावा मिळाला ना? झालं तर." आणि तिने विळी पुढे ओढली. तेल नाही, फोडणी नाही. मिरची, मीठ, चिंचेचा कोळ, वरून खोबरं आणि ताटात घेताना तुपाची धार. त्या एका पातेल्यात तेरा शनिवारांपैकी निदान नऊ तरी सापडले असते. लेकीने दोनदा वाढून घेतलं. त्यात तो होता आणि तिला ते माहीत होतं.

तेरावा खोका सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला. त्या बाईंचा फोन आला, "हिवाळ्याचं चालू ठेवायचं ना साहेब? पावटा, हरभऱ्याचा पाला, चाकवत..." चाकवत म्हटल्यावर क्षणभर माझा आवाज कापला. ताकातला चाकवत माझा जीव की प्राण. पण मी ठामपणे नाही म्हणालो. आता घरात रिकामा फ्रीज, रात्री साडेनऊचा प्रश्न आणि मनासारखा बटाटा. बटाटा तेरा आठवड्यांत एकदाही आला नव्हता. पहिल्याच संध्याकाळी मी बटाट्याच्या काचऱ्या करून चहा घेऊन गॅलरीत उभा राहिलो.

तिथे तुळशीशेजारी मला न आठवणारी एक कुंडी होती. कुंडीतून निघालेला वेल ग्रिलवरून वर चढून थेट पाचव्या मजल्यावरच्यांच्या बाल्कनीत शिरला होता. नुकतीच पांढरी फुलं उमलत होती, तिन्हीसांजेला उमलतात तशी. त्यातल्या एका फुलामागे, अंगठ्याएवढा, लव असलेला, फिकट हिरवा काहीतरी होता.

मागे आई येऊन उभी राहिली.

"हात नको लावूस," ती म्हणाली. "दृष्ट लागेल."