इकाची का ठेवाची?

गाडीच्या आरसी बुकावर नोंदणी संपायची एक तारीख छापलेली असते. पंधरा वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही आणि सोळावं लागायला आलं की घरातल्या शेंबड्या पोरालाही ती पाठ होते. आमच्या पिकअपची ती तारीख यंदा जवळ आली. फोर बाय फोर, डबल केबिन, मागे डाला. घरच्या वापराची म्हणून पांढऱ्या पाटीवर नोंदलेली, यवतमाळची एमएच-२९. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढे जे बोलणार आहे ते कंपनीला सोसायचं नाही.

पुन्हा पासिंग केलं तर गाडी आणखी पाच वर्षं चालवता येते. या कामाची सरकारी फी आधी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. हरित कर वेगळा. सरकार तोंडानं काही म्हणत नाही, पण सुचवायचं ते सुचवतंच.

गाडीची हौस म्हणाल तर मला नाही. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. शेतात जायची पांदण जून ते सप्टेंबर फक्त नकाशावर असते. टायरला चिखलाचा गारा धरायला लागला की चाकाचा घेर वाढत जातो, शेवटी चाक मडगार्डात अडकून जागीच थांबतं. त्यात शेतीपंपाची लाइन कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि टिपेश्वरचं जंगल जवळ. वाघाच्या मुलखात रात्री मोटर लावायला पायी निघालेल्या माणसाला आमच्याकडे कुणी शूर म्हणत नाही, घरचे त्याला धरून बसवतात. पुण्याचा माझा साळा सुट्टीच्या दिवशी पैसे भरून जीप चिखलात घालायला जातो. त्याला म्हटलं, जुलैत इकडे ये, फुकट आहे.

तर गाडी विकायचा विचार आहे, असं मी पानठेल्यावर सहज बोललो. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव घरी येऊन गेलं. किंमत विचारणारा एकही नाही.

"भाऊ, इकू नका. आमचं तुरीचं कुटार अजून वावरातच हाय." कुटार म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, जनावरांचा चारा.

"माया पोरीचं लगन होऊ द्या, मंग इका."

नाल्याला पूर आला तेव्हा बाळंतिणीला दवाखान्यात याच गाडीनं नेलं होतं, ही आठवणही तिघांनी वेगवेगळी काढली. गाडी माझी, हप्ते मी भरले, पण तिच्यात इतक्यांचा हिस्सा आहे हे मला तेव्हाच कळलं. डिझेलमध्ये मात्र कुणाचा हिस्सा निघाला नाही.

तरीही जिल्ह्याच्या गावी एका शोरूममध्ये गेलो. तिथं एक्स्चेंजचं पाहणारा पोरगा हातात टॅब घेऊन आला. टॅबवर गाडीचं चित्र. जिथं पोचा दिसेल तिथं तो लाल टिंब ठेवायचा. मागच्या फाळक्यावरचा पोचा रोह्यानं, म्हणजे नीलगाईनं दिलेला, डाव्या दाराचा वरातीतल्या डीजेच्या पेटीनं, बंपरचा आमच्या सालदारानं गाडी शिकताना. मी एकेकाचा इतिहास सांगत होतो, तो टिंबं ठेवत होता. थोड्या वेळानं टिंबांखाली गाडी दिसेनाशी झाली.

"सर, गाडी ॲक्सिडेंटल आहे का?"

"नाही, पांदणीची आहे."

आत बसल्यावर त्यानं नाक मुरडलं. "सर, हा वास कशाचा?"

"कोणत्या हंगामातला म्हणता?"

मग मी फोर बाय फोरचा दांडा टाकून दाखवला. लो मध्ये टाकली की ही गाडी कापसाची ओली पोती घेऊन नाल्याचा काठ चढते, एक्सलेटर न दाबता. पोरगा म्हणाला, छान आहे. मी विचारलं, याचे किती धरणार? तो टॅब वरखाली करून म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये त्याचा रकाना नाही." म्यूझिक सिस्टीमचा रकाना होता. आमचं म्यूझिक कधीच बंद पडलं होतं, त्याचे कापले.

शेवटी त्यानं जो आकडा सांगितला त्यात एक चांगली गोऱ्ह्याची जोडीही आली नसती. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाला, "सर, २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला ना. नवीनच स्वस्त झाली, मग जुनीची पण उतरणार." म्हणजे माझ्या फायद्याची बातमी होती ती, फक्त तोटा माझाच. नाहीतर स्क्रॅप करा म्हणाला. स्क्रॅपवाले नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के देतात आणि सोबत प्रमाणपत्र. ते दाखवलं की पुढच्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट. ही बातमी मी घरी सांगितली नाही. आई जिवंत आहे अजून.

आता नवी कोणती घ्यायची? पुतण्या मोबाइलवर टोयोटाची हायलक्स पिकअप दाखवतो. ती २०२२ मध्ये इथं आली तेव्हाच किंमत ३३.९९ लाखांपासून पुढे. ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते म्हणतात. लांबी ५,३२५ मिलिमीटर, म्हणजे साडेसतरा फूट. आमच्या गोठ्यात ती घालायची तर म्हशीला ओसरीवर घ्यावं लागेल आणि आम्हाला गोठ्यात. बरं, वजन किती वाहते? पाचशे किलोच्या आतच. पाच क्विंटल कापूससुद्धा नाही! तिकडे शेजाऱ्याच्या साध्या बोलेरो पिकअपच्या नावातच १.७ टन लिहिलेलं असतं. पण ती फसली की काढायला दुसरी लागते. हायलक्सच्या एवढ्या पैशात माणसं बसवायची आणि कापूस मागून बैलबंडीनं आणायचा, हे काही माझ्या गणितात बसेना.

आणि खरी मौज धुराड्यात आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ नियम लागू झाला, डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारी जाळी आली. डीपीएफ म्हणतात तिला. जाळी भरली की आतली काजळी जाळून टाकायला धुराडं चांगलं तापावं लागतं, आणि ते तापतं गाडी बराच वेळ वेगात पळाली तर. आमची गाडी घर ते वावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. म्हणजे जाळी भरणार, दिवा लागणार. मी मिस्तरीला विचारलं, मग काय करायचं?

"पांढरकवड्यावरून ४४ नंबरच्या हायवेले लावाची आन् पळवाची थोडी. दिवा इजला का वापस याचं."

"वावरात जायला आधी हायवेवर जायचं?"

"हाव. मोठ्या घरची पोरगी हाय ते, तिले हवा लागते."

दुसरे साळभाऊ इकडेच तहसीलमध्ये आहेत, नियमाचा माणूस. ते म्हणाले, दाजी, विका खुशाल, पण फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्या. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये सांगून ठेवलंय. गाडी हातोहात फिरत पैनगंगेपलीकडे आदिलाबादला जाईल, तिथं कुणाला ठोकेल आणि नोटीस तुमच्या दारात. मला रात्रभर तेलगूतली नोटीस दिसत होती.

उरला पुतण्याचा मार्ग: आहे तीच गाडी "अपग्रेड" करायची. म्हणजे समोर लोखंडी गार्ड, टपावर लायटांची ओळ, गाडी अर्धा फूट वर उचलायची, शिवाय इंजिनाला श्वास घ्यायला टपापर्यंत नळकांडं. साळभाऊ पुन्हा जागे झाले. लोखंडी गार्डवर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रानं बंदी आणली. कंपनीनं बनवलेल्या गाडीत असे बदल करता येत नाहीत, हेही कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलंय. पुतण्याचं तोंड उतरलं. त्याला नाल्याची काळजी नव्हती, रीलची होती.

आईचं म्हणणं या सगळ्याच्या पलीकडचं. बैल गेल्यापासून पोळ्याच्या आदल्या दिवशी ती खांदशेकणीला याच गाडीच्या बोनेटला हळद-लोणी लावते आणि म्हणते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी वायपरला पुरणपोळी. तिला मी दुकानदारीची भाषा सांगायला गेलो.

"म्हातारा झाला म्हणून बैल कसायाले देतं का रे?"

"माय, बाबांनी ढवळ्या बाजारात विकलाच होता ना."

"मंग त्या वर्साले पीक झालं का?"

इथं वाद संपला. घरची इतके दिवस गप्प होती. ती म्हणाली, "पासिंग करून आना. इकाचं मंग पाहू."

तेव्हा मिस्तरीकडे गेलो. पासिंगला गाडी दाखवायची तर हॉर्न वाजला पाहिजे, लाइट लागले पाहिजेत, ब्रेक पाहिजे. हॉर्न आमच्या गाडीत फक्त खड्ड्यात वाजायचा. मिस्तरीनं मागचे पाटे उतरवले, क्लच प्लेट टाकली, शाफ्टचे क्रॉस बदलले, चार नवे टायर घातले, कंपनीनं सांगितलेल्याच मापाचे. साळभाऊ उभे होते. फी भरली, हरित कर भरला, पाच वर्षं मिळाली. गाडी गावात आली तर पानठेल्यावरचे लोक उठून पाहायला लागले. साळभाऊ म्हणाले, "दाजी, आता चांगली झाली. विकायची तर आत्ताच."

"एवढा पैसा लावला आन् आता इकाची?" घरची आतून ओरडली.

तेवढ्यात शोरूमच्या पोराचा फोन. पासिंग झाल्याचं त्याला कसं कळलं, देव जाणे. "सर, आता तुमच्या गाडीचे वीस हजार जास्त देऊ शकतो." माझे जे लागले होते त्यातले नुसते टायरही तेवढ्यात येत नव्हते. मी म्हटलं, राहू द्या वीस हजार, त्या नव्या गाडीत कुटार किती बसतं ते सांगा.

"सर, कुटार म्हणजे... त्याचा स्टोरेज ऑप्शन विचारतो, एक मिनिट," म्हणाला आणि फोनवर गाणं लावून दिलं.